प्लग नवे टाकले आणि गाडी मिस मारायला लागली, तर काय काय तपासायचं

दिवाळी झाली होती, कापसाची वेचणी जोरात होती. दुसऱ्या दिवशी आईला डोळे दाखवायला यवतमाळला न्यायचं होतं. स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे प्लग, बदलायचे बरेच दिवस राहिले होते, म्हणून संध्याकाळी अंगणात बोनेट उघडलं आणि अंधार पडायच्या आत तिन्ही प्लग बदलून टाकले. सकाळी चावी फिरवली तर अख्खी गाडी बंडीसारखी हादरायला लागली. पुतण्या दारातूनच ओरडला, "काका, काहून थरथरून राहिली हे?" सायलेन्सरमधून फट्, फट् असा तुटक आवाज येत होता आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. गाडी मिस मारत होती, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नव्हतं. त्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो.

संध्याकाळी परत आल्यावर दहा मिनिटांत बिघाड सापडला. तिसऱ्या कॉइलचं (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) कनेक्टर पुरतं बसलं नव्हतं. बोटानं दाबलं, 'कट्' असा आवाज आला, गाडीची थरथर थांबली. खर्च शून्य.

तेव्हापासून अशा किती तरी गाड्या पाहिल्या आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. काल संध्याकाळपर्यंत गाडी बरी चालत होती ना? मग मधल्या तासाभरात आपला हात जिथं जिथं लागला, बिघाड तिथंच असणार. इंजेक्टर, फ्यूएल पंप, सेन्सर हे काही प्लग बदलल्याच्या रात्रीच एकाएकी मरत नाहीत. आमच्याकडे तालुक्याच्या गावी गॅरेज आहे, कंपनीचं वर्कशॉप तासभर दूर जिल्ह्याला. मिस मारणारी गाडी तिथवर ओढत नेऊन नको ते पार्ट बदलून आलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून आधी घरीच, आपल्या हाताच्या वाटेनं उलटं चालत जायचं.

पहिल्यांदा इंजिन बंद

पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरापर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेनं वितळते. तो कन्व्हर्टर प्लगच्या सेटपेक्षा कितीतरी पट महाग असतो. तपासणीसाठी इंजिन चालू करायचं तेही मिनिटभर, त्याहून जास्त नाही.

दुसरं, प्लग पुन्हा खोलायचे तर इंजिन गार हवं. आजकालची बहुतेक हेड (सिलिंडरच्या वरचा, प्लग बसतात तो भाग) ॲल्युमिनियमची असतात. गरम हेडमधून प्लग काढताना आटे प्लगसोबत ओरबाडून येतात, आणि मग दहा मिनिटांचं काम हेड खोलण्यापर्यंत जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो. उन्हात उभी गाडी दुपारभर थांबलात तरी गार होत नाही. हे काम उन्हाळ्यात पहाटेच करावं.

कोणतं सिलिंडर झोपलंय ते शोधा

स्कॅनर असेल तर काम सोपं. मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो, गावात चार जणांत मिळून एक घेतला तरी पुरतो. तो पी०३०१ दाखवत असेल तर पहिलं सिलिंडर मिस मारतंय, पी०३०२ म्हणजे दुसरं, याप्रमाणे पुढं. पी०३०० म्हणजे एकच सिलिंडर ठरवता येत नाही, मिसिंग इकडून तिकडं फिरतंय. पी०३५१ पासून पुढचे कोड कॉइलच्या वायरिंगकडे बोट दाखवतात. कनेक्टर ढिलं राहिलं असेल तर अनेकदा हेच येतात. पहिलं सिलिंडर सहसा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या उलट टोकाचं.

स्कॅनर नसेल आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचं छोटं कनेक्टर क्षणभर काढून पाहा. चांगल्या सिलिंडरचं काढलं की थरथर वाढते. ज्याचं काढूनही काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच झोपलेलं आहे. कनेक्टर काढायचं, कॉइल नाही. चालू इंजिनावर प्लगवरून कॉइल किंवा जाड वायर उपटून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा. त्या टोकाला वीस-तीस हजार व्होल्ट असतात. झटका बसतो तो बसतोच, आणि करंटला वाट न मिळाल्यानं कॉइल आतून फुटते.

जुन्या गाडीत, जिथं एक्झॉस्टचे पाइप उघडे दिसतात, तिथं आमच्याकडची एक सोपी युक्ती आहे. गार इंजिन चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचा एकेक थेंब टाका. जळणाऱ्या सिलिंडरवर थेंब चर्र करून उडतो, झोपलेल्यावर तो नुसता ओघळतो. थेंबच टाकायचा, पाणी ओतायचं नाही. गरम बीडाला (ओतीव लोखंडाला) तडा जातो.

कनेक्टर आणि वायरी

झोपलेलं सिलिंडर कळलं की त्याचं कनेक्टर काढून पुन्हा बसवा. नुसतं आत गेलं यावर भागवू नका, लॉकचा 'कट्' ऐकू यायला हवा. बसवल्यावर हलकेच मागं ओढून पाहा. गाडी पाच-सात वर्षांची असेल आणि तिनं आपल्याकडचे उन्हाळे काढले असतील, तर प्लॅस्टिकचं लॉक चण्यासारखं फुटतं. ते फुटलं असेल तर कनेक्टर जागेवर दिसतं, पण खड्ड्यात गाडी आदळली की सुटतं. नवं मिळेपर्यंत केबल टायनं बांधून काम भागतं. कनेक्टरच्या आत टॉर्चनं पाहा. एखादी पिन मागं सरकली असेल किंवा वाकली असेल तर बाकीच्यांपेक्षा खोल दिसते.

ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलचा करंट पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) आहे किंवा एकाच कॉइल पॅकमधून जाड वायरी निघतात, तिथं पहिला संशय अदलाबदलीचा. सीटखाली इंजिन असलेल्या जुन्या व्हॅन आमच्या भागात अजून शाळेच्या मुलांना आणि मजुरांना नेतात. अशाच एका व्हॅनवाल्या भाऊनं मला बोलावलं होतं. "प्लग नवे टाकले तं आणखीच बिघडली," म्हणाला. तिन्ही वायरी एकाच वेळी काढल्या होत्या आणि जशा हाताला आल्या तशा लावल्या होत्या. चार सिलिंडरच्या बहुतेक सरळ इंजिनांचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. तीन सिलिंडरचा १-३-२ किंवा १-२-३, गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. दोन वायरी उलट झाल्या की इंजिन चालू झालंच तरी फटाके फोडतं आणि ओढत नाही. पुढच्या वेळी एक वायर काढा, तो प्लग बदला, तीच वायर लावा, मगच दुसरीला हात लावा. मोबाइलवर आधी एक फोटो काढला तर आणखी उत्तम.

वायर ओढताना टोकाच्या रबरी टोपणाला, म्हणजे बुटाला न धरता वायरीलाच धरून ओढली असेल, तर आतला कार्बनचा धागा तुटलेला असू शकतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते. मल्टीमीटरनं मोजा. मीटरभर लांबीला साधारण दहा-वीस किलो-ओहम येतात. एकीचा आकडा बाकीच्यांच्या तुलनेत फार मोठा असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती मेली.

वायरीतून किंवा कॉइलच्या बुटातून करंट बाहेर गळत असेल तर तो अंधारात दिसतो, आणि गावाकडच्या अंधाराचा इथं खरा फायदा आहे. अंगणातला दिवा बंद करा, बोनेट उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वायरींच्या आसपास स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचे अगदी बारीक तुषार उडवा. निळसर ठिणग्या जिथं नाचतात तिथं गळती आहे. हात, मफलर, ओढणी इंजिनापासून लांब ठेवा, फॅन कधीही सुरू होतो.

आता प्लग बाहेर काढा

खरं उत्तर बहुधा इथं मिळतं, म्हणून घाई नको. कॉइल काढल्यावर प्लग सोडण्याआधी तो ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत हवा मारा. कंप्रेसर नसेल तर सायकलच्या पंपाची नळी आत सोडून दहा-बारा दणके द्या. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू तिथं साचलेले असतात. प्लग निघाल्यावर ते थेट सिलिंडरमध्ये पडतात.

प्लग काढले की क्रमानं ठेवा, कोणता कुठला हे विसरू नका. आधी वास घ्या. झोपलेल्या सिलिंडरचा प्लग ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल, तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. प्लग, कॉइल, वायर यांतच शोधा. प्लग कोरडा, कोरा, दुकानातून आणला तसाच असेल तर पेट्रोलच पोचत नाही. मग काम करताना इंजेक्टरचं कनेक्टर निघालं का ते बघा. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. एवढ्या एका निरीक्षणानं निम्मं जंगल साफ होतं.

मग पांढरी चिनीमाती. प्लग टॉर्चच्या उजेडात धरून बोटांत हळूहळू फिरवा. एका गाडीच्या प्लगवर मला वरच्या टोकापासून खालच्या लोखंडी षट्कोनापर्यंत एक रेघ दिसली होती. पेन्सिलीचं टोक टेकवून मुलानं ओढावी इतकी बारीक, काळी, किंचित वाकडी. फडक्यानं पुसली, गेली नाही. नखानं खरवडली, तरी नाही. करंट खालच्या फटीत उडी मारण्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरून उतरत होता. असा प्लग साफ करून चालत नाही, टाकावाच लागतो. आणि त्या रेघेच्या समोर कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही तशीच खूण असते. बूट न बदलता नुसता प्लग बदलला तर चार दिवसांत नव्या प्लगवर तीच रेघ उमटते. षट्कोनाच्या अगदी वर तपकिरी धुरकट कडं दिसलं तर मात्र घाबरू नका, ते उच्च दाबाच्या करंटनं तेलकट धूळ चिकटल्याचं आहे, त्यानं मिसिंग होत नाही.

चिनीमातीला तडा गेला आहे का पाहा. प्लगपाना तिरका झाला किंवा प्लग फरशीवर पडला की केसाएवढा तडा जातो. पडलेला प्लग गाडीत टाकायचाच नाही, हा नियम मी कडक पाळतो. प्लगच्या वरच्या टोकाला काही प्लगांवर छोटा नट असतो, तो चिमट्यानं घट्ट आहे ना पाहा. ढिला असेल तर वरच करंट तुटतो.

फट मोजा, डब्यावर विश्वास ठेवू नका

फट म्हणजे प्लगच्या मधल्या आणि बाजूच्या टोकातली जागा, जिथं ठिणगी उडते. 'फट कंपनीतूनच बरोबर येते' असं दुकानदार सांगतो. पण एकच प्लग अनेक गाड्यांना बसतो आणि वाटेत डबा आदळतोही. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिमी लागते, कॉइलवाल्या नव्या गाड्यांना बहुधा १.० ते १.१ मिमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज नसेल तर निदान अंदाज घेता येतो: लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं साधारण ०.६ मिमी जाड असतं. तेही फटीत जात नसेल तर प्लग कुठंतरी आदळून फट मिटलेली आहे.

लक्षणावरूनही कळतं. फट कमी असेल तर गाडी उभी असताना मिस मारते, वेग घेतला की सुधारते. फट जास्त असेल तर उभी असताना शांत, पण भरलेली गाडी चढावर नेली किंवा ओव्हरटेकला ॲक्सिलरेटर दाबला की झटके. गाडी सीएनजीवर असेल तर ठिणगीला आणखी जास्त व्होल्टेज लागतं, तिथं जास्त फट अजिबात चालत नाही.

इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं असतं. त्याला गेजनं रेटा देऊन फट वाढवायला गेलात तर ते तुटतं. तिथं फक्त मोजा. चूक असेल तर दुकानदाराला परत द्या.

प्लग त्याच गाडीचा आहे का

जुना प्लग फेकला नसेल तर त्याचा नंबर नव्याशी ताडून पाहा. उदाहरण म्हणून एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या: बी म्हणजे १४ मिमीचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही उष्णतेची श्रेणी (प्लग उष्णता किती लवकर सोडतो ते) आणि ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. ई ऐवजी एच असेल तर आटे १२.७ मिमीचे. आखूड प्लग लांब भोकात टाकला तर ठिणगी खोलगट जागी पडते आणि गाडी मिस मारते. उलट लांब प्लग आखूड भोकात टाकला तर पिस्टनला लागू शकतो. तो तर इंजिनच संपवेल. आर नसलेला प्लग इलेक्ट्रॉनिक गाडीत टाकला की त्याच्या लहरी सेन्सर आणि कॉम्प्युटरला त्रास देतात. श्रेणीत एक गोम आहे. एनजीकेत आकडा वाढला की प्लग गार होत जातो, बॉशमध्ये बरोबर उलटं. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग घेऊ नका, 'यालाच लागतो' असं शेजारचा म्हणाला म्हणूनही नको.

नकली प्लगही बाजारात आहेत. बाजूचं टोक मधल्या टोकाच्या नेमकं डोक्यावर नसणं, अक्षरं बोटानं पुसली जाणं, वॉशर हातानं सहज निघून येणं, ही लक्षणं दिसली तर तो सेट परत करा. पावती घेऊनच प्लग घ्यावेत.

बसवताना

फवारणी पंपाच्या जुन्या नळीचा हातभर तुकडा कापून ठेवा. त्यात प्लगचं पांढरं डोकं घट्ट बसवायचं आणि नळी हातानं फिरवत प्लग आत लावायचा. आटे आडवे लागले तर नळी आपोआप घसरते, जोर बसत नाही. पाना लावला की हाताला हे कळत नाही आणि हेडचे आटे जातात. माझ्या पेटीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार हेच.

प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवला की मग पाना. वॉशर असलेला नवा १४ मिमीचा प्लग टेकल्यापासून साधारण अर्धा फेरा. टॉर्क रेंच असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०, १० मिमीच्याला १० ते १२. वॉशर नसलेला, उतरत्या बैठकीचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा हिस्साच पुरे. ढिला राहिलेला प्लग दाब सोडतो, चढावर 'टिस्, टिस्' आवाज येतो आणि प्लग तापत जातो. ताकदीनं आवळलेल्याची चिनीमाती आतून हलते. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. ते लावल्यावर तेवढ्याच जोरात प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगसोबतचे गोल रबर गेले आहेत. ऑइलनं कॉइलचा बूट फुगतो, मऊ पडतो आणि करंट गळतो. ऑइल फडक्यानं टिपून घ्या, पॅकिंग बदला. पाणी असेल तर कुणीतरी इंजिन पाइपनं धुतलेलं असतं. ते सुकवा, बूट उन्हात ठेवा. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला तर पुढच्या पावसाळ्यात त्रास वाचतो.

हवेची वाट आणि उंदीर

अनेक गाड्यांत एअर फिल्टरचा डबा इंजिनाच्या डोक्यावर असतो. प्लगपर्यंत पोचायला तो काढावा लागतो, आणि परत बसवताना त्याच्या मागची एखादी बारीक नळी लावायची राहते. मग न मोजलेली हवा आत शिरते. उभ्या गाडीत आरपीएम वरखाली होतं, सगळीच सिलिंडर थोडी थोडी मिस मारतात आणि पी०३०० येतो. इंजिन चालू असताना कान देऊन 'सूं' असा आवाज कुठून येतो ते ऐका, नळ्यांवर एकेक करून हात फिरवा. डब्याच्या आत सोयाबीनचा भुसा किंवा कापूस साचला असेल तर त्याच वेळी साफ करून घ्या.

सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात, आणि रात्रीच्या गरम इंजिनावर त्यांचा मुक्काम असतो. एखाद्या वेळी प्लग बदलल्याच्या रात्रीच ते वायर कुरतडतात आणि दोष आपण प्लगला देतो. वायरिंगवर लेंड्या आणि दातांच्या खुणा शोधा. ही एवढी एकच गोष्ट आपल्या हाताच्या वाटेबाहेरची, पण आमच्याकडे वरचेवर घडणारी.

तरीही नाही सुधारली तर

जुने प्लग परत टाका. म्हणूनच ते आठ दिवस फेकायचे नसतात. जुने टाकल्यावर मिसिंग गेलं तर दोष नव्या प्लगांचा, विषय संपला. नाही गेलं तर झोपलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर टाका. मिसिंग कॉइलच्या मागं गेलं तर कॉइल मेली. जुनी कॉइल खोलताना रबर फाटणं किंवा आतली स्प्रिंग निसटून खाली राहणं हेही घडतं, ते पाहा. कॉइल बदलूनही सिलिंडर तेच राहिलं, तर इंजेक्टरला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरा. टिक-टिक येत असेल तर तो चालतोय.

मग उरतं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. त्याचं गेज गॅरेजवाल्याकडे असतं. सिलिंडरांमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. एकच फार कमी भरलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर बिघाड बहुधा पिस्टनच्या रिंगांत, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. इथवर आलात तर बिघाड प्लगच्या आधीपासूनचा आहे आणि योगायोगानं आत्ता उघडा पडला आहे.

गॅरेजला जाताना जुने आणि नवे दोन्ही प्लग पिशवीत सोबत न्या, प्रत्येकावर सिलिंडरचा आकडा लिहून. स्कॅनरचा कोड कागदावर लिहा आणि तो पुसण्याआधीच मिस्त्रीला दाखवा. कॉइल बदलून पाहिली होती, मिसिंग त्याच सिलिंडरवर राहिलं, हेही सांगा. दिवा लुकलुकत असेल तर ट्रॅक्टरला दोर बांधून सावकाश न्या. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, चावी मात्र ऑनवर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.